दुकान वाढवा

चिठ्ठी सकाळी साडेनऊला आली. तिच्यावर जावक क्रमांक होता, तारीख होती, गोल शिक्का होता आणि कोपऱ्यात लाल शाईनं 'तातडीचे' लिहिलेलं होतं. एवढं सगळं बसवल्यावर मजकुराला जागाच कमी उरली होती.

'दुकान वाढवा. तिकीट नको. एकच्या आत.'

आत्यानं चिठ्ठी दारात नेऊन उजेडात वाचली. बटणांच्या दुकानात कुठलीही वस्तू दारात नेऊनच बघतात. आत ट्यूबखाली सगळे काळे सारखेच दिसतात. दारातही मजकूर तोच राहिला.

"आबा असं म्हणाला?"

"शब्दशः," जावक म्हणाला.

जावक हा आबांच्या, म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाच्या, आमदार कार्यालयाचा सचिव. लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवरही त्यानं क्रमांक टाकला होता, तेव्हापासून त्याचं खरं नाव मागे पडलं. त्याची बायकोही त्याला जावकच म्हणायची.

"पण त्यांचे फोन काढून घेतलेत ना?"

"हॉटेलच्या धोबीखान्यातून लावला होता. मागे मशीन घरघरत होतं. मी दोनदा विचारलं, साहेब, नक्की? ते म्हणाले, नक्की, आणि बोभाटा करू नका."

आबा अकरा दिवस हॉटेलात होते. एकटे नव्हते, पक्षाचे एक्केचाळीस आमदार तिथं ठेवले होते. पळून जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचे फोन एका सुटकेसमध्ये भरले होते, आणि सुटकेस पक्षाच्या मोठ्या साहेबांच्या पलंगाखाली होती. सरकार बनत आलं होतं. फक्त एक मंत्रिपद उरलं होतं आणि त्यावर एक्केचाळीस जणांचा डोळा होता. आबांचे तर दोन्ही डोळे होते.

आत्यानं चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. गिऱ्हाईक म्हणजे समोरचे शिंपीकाका. हातात कोट, कोटाला तीन बटणं, चौथ्याची जागा रिकामी.

"ती चार भोकी तपकिरी आली का?"

"उद्या येतंय," आत्या म्हणाली.

या दुकानात गिऱ्हाइकापुढं दोन शब्द उच्चारायचे नाहीत, हा आजोबांनी घालून दिलेला नियम होता. 'बंद' आणि 'नाही'. संध्याकाळी दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. माल संपला तर 'नाही' म्हणायचं नसतं, 'उद्या येतंय' म्हणायचं असतं. पहिल्या नियमानं दुकान टिकलं. दुसऱ्या नियमानं आबा आमदार झाले.

म्हणजे सुरुवात तशी कोटापासून झाली. एकोणीस वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या उद्‌घाटनाला आलेल्या मंत्र्याचं मधलं बटण भर व्यासपीठावर उडालं. तिसऱ्या रांगेतून आबा उठले, मंत्र्यासमोर गुडघ्यावर बसले आणि भाषण चालू असतानाच बटण टाचून दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. सुई दिसत नव्हती, नुसते गुडघे दिसत होते. खाली लिहिलं होतं, 'निष्ठावंत कार्यकर्ता'. नगरपालिकेचं तिकीट घरपोच आलं. सुई आत्यानं ओवून दिली होती, हे फोटोत येण्यासारखं नव्हतं.

पुढं विधानसभेला तर घोषणा आयतीच होती : 'बटण कुठलं दाबायचं, ते बटणवाल्यालाच विचारा!' आणि निवडून आल्यावर आबांनी एकाही माणसाला 'नाही' म्हटलं नाही. शाळा उद्या येतेय. दवाखाना उद्या येतोय. नदीवरचा पूल तर गेली चौदा वर्षं उद्या येत होता आणि लोक त्याच्या भरवशावर नदीपलीकडे सोयरिकी जुळवत होते.

तेव्हा 'वाढवा' म्हणजे बंद करा. हे या घरात शेंबड्या पोरालाही कळत होतं. अडचण एवढीच होती की, दुकान खरोखर मोठं करायचं झालं तर त्याला वेगळा शब्द उरला नव्हता. गेल्या साठ वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

आत्यानं मान वर करून भिंतीकडे बघितलं. अकराशे चाळीस डबे, प्रत्येकाच्या तोंडावर आतलं एकेक बटण शिवलेलं. एकतीस वर्षं ती याच स्टुलावर बसत होती. कागदोपत्री दुकान आबांचं होतं. वडिलांनी ते मुलाच्या नावावर केलं होतं आणि मुलीला किल्ली दिली होती.

"पोच द्या," जावक म्हणाला आणि त्यानं वही पुढं केली.

* * *

दहापर्यंत घर दुकानात गोळा झालं. थोरल्याला बैठक दुकानातच हवी होती, कारण त्यानं खिशात मापाचा टेप आणला होता.

थोरला म्हणजे आबांचा मुलगा. आजवर त्यानं चार धंदे सुरू केले होते आणि चारही, घरच्या भाषेत सांगायचं तर, वाढवले होते. चिठ्ठी वाचताच त्याच्या डोळ्यांपुढं काच उभी राहिली. रस्त्यावरून आरपार दिसणारी, भली मोठी काच. तिच्यामागं पुतळे, पुतळ्यांच्या अंगावर तयार कपडे. बटणं आधीच लावलेली.

"अर्थ उघड आहे," तो म्हणाला. "तिकीट नको, म्हणजे आबा राजकारण सोडतायत. धंद्यात परत येतायत. म्हणून दुकान वाढवा. मोठं करा! शेजारचा घड्याळजीचा गाळा आपण घेऊन ठेवलाच आहे. मधली भिंत काढली की झालं."

"आणि माझे डबे?" आत्यानं विचारलं.

"डबे जातील की गं कुठंतरी."

"कुठं?"

"उद्या बघू," थोरला म्हणाला. रक्त शेवटी त्याच घराण्याचं होतं.

"काही भिंत-बिंत नको," आई म्हणाली. आई म्हणजे आबांची बायको. गेली दहा वर्षं ती राजधानीतल्या आमदार निवासात एकटी राहायचा कंटाळा करत होती आणि म्हणून इथंच राहत होती. "तिकीट नको, म्हणजे सगळंच गुंडाळायचं. हे दमले असतील. दुकान वाढवा म्हणजे नेहमीचंच वाढवा. कायमचं. वन्सं, तुम्हीही किती दिवस त्या स्टुलावर बसणार? आता घरी बसा निवांत."

"मी निवांतच असते."

"तसं नव्हे हो. घरी. स्वयंपाकघरात माझ्यासोबत. दिवसभर."

हे बोलता बोलता आईचा आवाज बारीक झाला. आपण काय बोललो ते तिच्या स्वतःच्या कानावर आत्ता पडत होतं. वन्सं. स्वयंपाकघरात. दिवसभर. ज्या बाईनं अकराशे चाळीस डबे रंगवार आणि आकारवार लावले, ती मसाल्याच्या डब्यांना काय सोडणार होती?

"पण थोरलाही काही अगदीच चुकीचं बोलत नाही," आई म्हणाली.

इकडे सुनेचं गणित वेगळ्या दिशेनं चाललं होतं. ती नवऱ्याच्या बाजूनं मान हलवत आली होती. पण मोठं दुकान म्हणजे नवरा रोज दुपारी घरी जेवायला येणार, हे तिच्या लक्षात आलं. वर सासूबाईही इथंच राहणार. उलट दुकान वाढवलं, नेहमीच्या अर्थानं, तर सासरे निवृत्त होणार, सासूबाई त्यांना घेऊन कुठंतरी हवापालटाला जाणार आणि आत्या... आत्या एवढी वाईट नव्हती.

"मला आईंचं पटतं," सून म्हणाली.

"मी थोरल्याच्या बाजूनं आहे," आई म्हणाली.

"म्हणजे तू माझ्या बाजूनं नाहीस?" थोरल्यानं बायकोला विचारलं.

"मी आईंच्या बाजूनं आहे."

"आई माझ्या बाजूनं आहे!"

"मग मी आईंच्या मघाशीच्या बाजूनं आहे."

"वकीलसाहेब, तुम्ही सांगा," आई म्हणाली.

वकीलसाहेब म्हणजे जावई. लेक परगावी परीक्षेला गेली होती, तिनं प्रतिनिधी म्हणून नवऱ्याला धाडलं होतं. त्यानं चिठ्ठी दोन्ही बाजूंनी बघितली. मागची बाजू कोरी होती, तीही त्यानं वाचली.

"मजकूर संदिग्ध आहे," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंनी लढता येईल."

"आम्हाला लढायचं नाहीये, जावईबापू."

"मग दोन्ही करा. शटर खाली ओढा आणि आत भिंत पाडा. बाहेरून दुकान वाढवलेलं, आतून दुकान वाढवलेलं. आदेशाचं संपूर्ण पालन."

त्या जावयाला अजून एकही खटला जिंकता आला नव्हता आणि हे कसं घडलं असेल, याचं सगळ्यांनाच नवल वाटलं.

"फोन करून विचारलं तर?" आत्या म्हणाली.

"फोन सुटकेसमध्ये आहेत," जावक म्हणाला. "सुटकेस पलंगाखाली आहे."

"धोबीखान्यात लाव."

"लावला. धोबी म्हणतो, साहेब निघाले."

"कुठं निघाले?"

"ते त्यानं विचारलं नाही. तो धोबी आहे."

अकरा वाजता गवंडी आला. पावणेबाराला भिंतीत पहिलं भोक पडलं. साधारण माणसाच्या डोक्याएवढं, कडा दातेरी. गवंड्यानं त्यातून पलीकडे बघितलं आणि सांगितलं, पलीकडे खोली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत्यानं वाजवल्या नाहीत. सून डबे उतरवून पोत्यात भरत होती. तपकिरी, मग निळे, मग पुन्हा तपकिरी, जसे हाताला येतील तसे. प्रत्येक डबा खळखळत होता आणि आत्याला आवाजावरूनच कळत होतं : हे चोवीस नंबरचं. हे शिंपल्याचं. हे टिचबटण. थोरला म्हणत होता ते खरं की आई म्हणत होती ते, यावर सकाळपासून घर फुटलं होतं आणि जुळलं होतं आणि पुन्हा फुटलं होतं. पण दोन्ही अर्थांत तिचं स्टूल कुठं ठेवायचं, हे अजून कुणी बोललं नव्हतं. स्टूल एवढंसं होतं. कुठंही मावलं असतं. तेच तर वाईट होतं.

"आत्या, तू काहीच बोलत नाहीस," थोरला म्हणाला.

"बघू," आत्या म्हणाली. नियमात बसणारा तेवढाच शब्द तिच्याकडे होता.

* * *

गाडीत आबा मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. शेजारी मोठे साहेब झोपले होते आणि झोपेतही पोट धरून होते.

अकरा दिवस हॉटेलचं खाऊन मोठ्या साहेबांच्या पोटात आग पडली होती. काल त्यांनी सगळ्या आमदारांसमोर जाहीर केलं, मला घरचं, साधं, अगदी पांचट जेवण कोण घालेल? एक्केचाळीस हात वर झाले. पण आबांचं घर सगळ्यांत जवळ. उरलेलं एक मंत्रिपद कुणाला, ते जेवताना ठरणार होतं, हे कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना कळलं.

पहाटेच आबांनी धोबीखाना गाठला होता. जावकला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दोन पानं वाढवा. तिखट नको. एकच्या आत. मशीन एवढं घरघरत होतं की ओरडून सांगावं लागलं. पण जावकनं पुन्हा म्हणून दाखवलं होतं, आणि जावकसारखा काटेकोर माणूस साऱ्या मतदारसंघात दुसरा नव्हता.

पावणेएकला गाडी घरासमोर थांबली. दाराला कुलूप होतं.

आबांनी खिडकीतून आत बघितलं. ओट्यावर शेगडी थंड. चार ताटं पालथी. मांजर ओट्याच्या मधोमध झोपलेलं, म्हणजे सकाळपासून तिकडं कुणी फिरकलेलं नव्हतं.

"काय हो?" मागून मोठ्या साहेबांनी विचारलं. "जेवण नाही का?"

"आहे आहे," आबा म्हणाले. "इथं नाही" हे शब्द जिभेवर येऊन परत फिरले. "दुकानात आहे."

* * *

शटर गुडघ्याइतकं वर होतं. आबा वाकून आत शिरले, मागोमाग मोठे साहेब शिरले आणि दोघांना एकदमच शिंक आली.

धूळ खाली बसेपर्यंत कुणालाच काही दिसलं नाही. मग हळूहळू दिसलं : रिकामी फळकुटं. पोती. भिंतीला भोक. भोकाशी हातोडा धरून उभा थोरला. आई, सून, जावई, जावक. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. पक्षातले सगळे ज्येष्ठ नेते एकदम भेटल्यासारखं मोठ्या साहेबांना वाटलं आणि त्यांनी सवयीनं नमस्कार केला.

"हे काय?" ते म्हणाले. "दुकान वाढवलंत?"

आबांना काहीच कळलेलं नव्हतं. पण समोरच्यानं काही विचारलं की त्याला रुकार द्यायचा, ही त्यांची एकोणीस वर्षांची साधना होती.

"हो," आबा म्हणाले.

मोठ्या साहेबांनी रिकाम्या फळकुटांवरून नजर फिरवली.

"मी अजून कुणापाशी बोललो नव्हतो," ते म्हणाले. "परवाच ठरवलंय. या खेपेला मंत्र्याच्या नावावर धंदा नको. पेपरवाले फार मागे लागलेत. एक्केचाळीस जणांत कुणीही सोडायला तयार होणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि तुम्ही न सांगता, बापजाद्यांचं दुकान... भिंतीसकट!" त्यांचे डोळे भरून आले. थोडे भावनेनं, बरेचसे सिमेंटनं. "लघुउद्योग खातं तुमचं."

घरात सकाळपासून जे जमलं नव्हतं ते एका क्षणात जमलं. एकमत झालं.

"आम्ही वाढवतच होतो," थोरला हातोडा पाठीमागं लपवत म्हणाला. "आमच्याकडे भिंत पाडूनच दुकान वाढवतात."

"मी सकाळपासून हेच म्हणत होते," आई म्हणाली, आणि ते निम्म्यापुरतं खरं होतं.

"व्वा," मोठे साहेब म्हणाले. "आता जेवू."

आबा आईजवळ सरकले.

"पानं कुठायत?" ते ओठ न हलवता म्हणाले.

"कसली पानं?"

"दोन पानं वाढवा म्हटलं होतं! दोन पानं! आणि तिखट नको!"

आईनं सुनेकडे बघितलं. सुनेनं थोरल्याकडे. थोरल्यानं जावयाकडे. जावयानं चिठ्ठी उजेडाकडे धरली आणि ओठांनी हळूच म्हणून बघितलं : दोन पानं. दुकान. तिखट. तिकीट. मग सगळ्यांनी मिळून जावककडे बघितलं.

"माझ्याकडे पोच आहे," जावक म्हणाला.

तेवढ्यात आत्यानं गल्ल्याच्या मागून आपला डबा काढला. तिला पित्ताचा त्रास. वीस वर्षं तिच्या डब्यात तिखटाचा कण नव्हता. घरात त्या डब्याला 'इस्पितळ' म्हणत. बटणांच्या दोन डब्यांची पत्र्याची झाकणं तिनं पदरानं पुसली आणि त्यावर दोघांचं वाढलं. स्टूल मोठ्या साहेबांना दिलं. पहिला घास घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर अकरा दिवसांनी शांती पसरली.

"कशालाही कसलीच चव नाही," ते समाधानानं म्हणाले. "अप्रतिम. या कोण?"

"माझी मोठी बहीण," आबा म्हणाले. "दुकान हीच बघायची."

आत्या उभी होती. आयुष्यभर तिनं दुकान बघितलं होतं. आत्ता एका घासात ते 'बघायची' झालं.

बाहेरून शटरवर टकटक झाली. शिंपीकाकांच्या चपला आणि कोटाची खालची कड दिसली.

"आत्याबाई! ती चार भोकी तपकिरी आली का? अन् हे काय, दुकान वाढवलं की काय?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. आईनं हात जोडले. थोरल्यानं मान डोलावून दाखवली, अशी, अशी म्हण. जावयानं दोन बोटांनी 'थोडक्यात' अशी खूण केली. एकच शब्द हवा होता, आणि तो शब्द ती रोज संध्याकाळी म्हणत आली होती.

आबांनी वर बघितलं. लहानपणी परीक्षेच्या दिवशी बघायचे तसं.

आत्यानं घसा साफ केला. धूळ फार होती.

"दुकान बंद नाही," ती म्हणाली.

आईनं डोळे मिटले. साठ वर्षांत गिऱ्हाइकापुढं कुणी यातला एक शब्द काढला नव्हता आणि वन्संनी दोन्ही एकदम काढले होते. काहीतरी कोसळेल म्हणून गवंड्यानं छताकडे बघितलं.

मोठ्या साहेबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे चालू आहे, साहेब."

"ताई," आबा म्हणाले, "अगं, उद्या बोलू आपण."

"उद्या नाही. आत्ता." तिसऱ्यांदा ते सोपं गेलं. "साहेब, मंत्र्याच्या नावावर धंदा नको ना? बरोबर आहे तुमचं. नसावाच. पण त्यासाठी दुकान कशाला जायला हवं? नाव गेलं की झालं. हे दुकान त्याचं नाही. एकोणीस वर्षांत हा इथं एक बटण विकायला बसलेला नाही. कचकड्याचं कुठलं आणि शिंपल्याचं कुठलं, विचारा त्याला."

मोठ्या साहेबांनी आबांकडे बघितलं. "कुठलं?"

आबा फळकुटाकडे बघत राहिले. फळकूट रिकामं होतं, पण भरलेलं असतं तरी फरक पडला नसता.

"खातं तुमचंच," मोठे साहेब म्हणाले. "पण लेखी द्या. दुकान तुमचं नाही म्हणून. माझ्यासमोर."

जावयानं चिठ्ठी उलटी केली. कोरी बाजू वाचून ठेवल्याचा शेवटी उपयोग झाला. "बक्षीसपत्राची नोंदणी उद्या करू," तो म्हणाला, आणि आत्यानं नुसतं बघितल्यावर, "म्हणजे आजच. नोंदणी कार्यालय पाचपर्यंत उघडं असतं." त्यानं पेन पुढं केलं.

आबांनी लिहिलं : 'सदर दुकान माझे'. तिथं पेन थांबलं.

त्यांनी ते झटकलं. शाई होती. पुन्हा टेकवलं. एकोणीस वर्षं आणि चार निवडणुका त्यांनी जो शब्द टाळला होता, तो आता अडीच इंच कोऱ्या जागेत वाट बघत होता. लिहिला की मंत्री. आणि लिहिला की हे दार, हे डबे, सुई ओवून मिळण्याची ही जागा आपली उरणार नव्हती. आबांना एवढा वेळ जागेचं काही वाटलं नव्हतं. आत्ता वाटलं.

"ताई, 'तूर्तास' असं लिहू का?"

"नाही," आत्या म्हणाली. "बघ, किती सोपं आहे."

आबांनी लिहिलं. 'नाही' काढताना वेलांटी जरा वाकडी आली, पण वाचता येत होतं. खाली 'ताईचे आहे' हे त्यांनी कुणी न सांगता लिहिलं. जावकनं शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि पोच मागितली. आत्यानं दिली.

मग तिनं शटर पार वर ढकललं. दुपारचं ऊन पोत्यांवर पडलं.

"तर मग," शिंपीकाका कधीचे उभेच होते, "ती तपकिरी?"

आत्यानं कोट हातात घेतला, बटण बघितलं. "नाही. येणारही नाही. कारखानाच बंद झालाय, सहा वर्षं झाली."

"सहा?" शिंपीकाका म्हणाले. "अहो, मग आधी सांगायचं! ज्याचा कोट तो सहा हिवाळे थांबलाय. निळी द्या चारही."

"निळ्यात अकरा प्रकार आहेत. दारात या, उजेडात दाखवते." तिनं पोत्यात हात घातला, एक डबा कानाशी हलवला, ठेवला, दुसरा हलवला. बरोबर निघाला.

शिंपीकाकांचं लक्ष मात्र आत होतं. भिंतीतल्या भोकातून पलीकडच्या खोलीचा उजेड येत होता, आणि त्या उजेडात नवे मंत्री पत्र्याच्या झाकणातलं शेवटचं शीत बोटानं टिपत होते.

"आणि हे भोक कसलं?"

आत्यानं वळून बघितलं.

"काज आहे," ती म्हणाली. "बटण उद्या येतंय."